बदल: किरकोळ

विषयपत्रिकेवरचा सातवा विषय.
पहिल्या सहांत कॉफीचे दोन थर्मास रिकामे झाले,
लेखापालनाचे दोन श्रेयांक वाढले,
तत्त्वज्ञानाचे दोन गेले.
म्हणजे हिशेब जुळला, असं कोणीतरी म्हणालं
आणि कोणी हसलं नाही.

योएन्सू विद्यापीठाच्या या खोलीत
एकोणीस वर्षं मी इतिवृत्त लिहिते आहे.
मत द्यायचा अधिकार मला नाही,
स्वल्पविरामाचा आहे.

तर विषय सात. हिवाळी जलमापन, श्रेयांक पाच,
प्राध्यापक एइनो पेसोनेन.
गोठलेल्या सरोवरावर चालत आत जायचं,
गिरमिटाने भोक पाडायचं, दोरी सोडायची,
खोली, तापमान, प्राणवायू,
सगळं तिथेच उभ्याने वहीत उतरवायचं.
पेन्सिलीने. शाई गोठते.

जुनी फाइल मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.
एकोणनव्वद साली: डिसेंबरचा पहिला आठवडा.
अठ्ठ्याण्णव: नाताळ उलटल्यावर.
दोन हजार आठ: जानेवारी सरता सरता.
पंधरा: फेब्रुवारी, कंसात "परिस्थिती पाहून".
दर वेळी शेरा तोच, बदल किरकोळ, मंजूर,
खाली माझ्या आधीच्या चिटणीसबाईंची सही,
मग माझी,
मग माझीच.

यंदा तारीख नाही.
सरोवराच्या जागी "प्रयोगशाळेतील टाकी".
आणि कारणाच्या चौकटीत,
जिथे अडीचशे शब्द चालतात,
पेसोनेननी एकच लिहिला होता:
पाणी.

अध्यक्ष हिल्का तुओविनेन यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हा किरकोळ बदल की मोठा?"
मोठा म्हटला की सहा पानी अर्ज,
मग विद्यापरिषद, मग वसंतापर्यंत वाट.
किरकोळ म्हटला की इथल्या इथे, हात वर.
पेसोनेननी खूण किरकोळवर केली होती,
इतकी दाबून, की मागच्या पानावर उमटली होती.

मग क्रियापदावरून जुंपली.
"विद्यार्थी बर्फाची जाडी मोजतो", असं उद्दिष्टांत होतं.
टाकीत बर्फ नाही, तर मोजतो काय?
शिक्षणशास्त्राचे रायमो म्हणाले, "समजून घेतो" घाला.
हिल्का म्हणाल्या, समजलं की नाही ते तपासणार कसं,
"वर्णन करतो" घ्या.
पाऊण तास.
शेवटी वेन्ला, विद्यार्थी प्रतिनिधी, वीस वर्षांची,
हात वर न करताच बोलली,
"जे पायाखाली आलंच नाही, त्याचं वर्णन?"
मी लिहिलं: चर्चा झाली.

वित्त विभागाचा प्रश्न उरला होता.
अकरा गिरमिटं जडवस्तू नोंदवहीत दिसतात,
त्यांचं काय करायचं?
तेव्हा पेसोनेन पहिल्यांदा बोलले.
"धार लावत राहावी लागेल."
हे उत्तर होतं का, ते कोणालाच कळलं नाही.
वित्त विभागाने मान डोलावली.

हात वर झाले.
पेसोनेन निमंत्रित, त्यांना मत नाही,
तरी त्यांचाही हात वर गेला, सगळ्यांच्या आधी,
आणि सगळे खाली आल्यावरही
थोडा वेळ राहिला,
लांब काठावरच्या कोणाला खूण करावी तसा.
मी मोजला नाही.
सर्वानुमते मंजूर, पुढील वर्षापासून लागू.

सहीसाठी कागद सरकवला.
त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पेन्सिल काढली.
म्हटलं, सर, शाईने लागते.
त्यांनी एकेक खिसा चाचपला, सगळ्यांत पेन्सिलीच,
एक तर बोटाएवढी उरलेली.
बाहेर डिसेंबर होता, शून्याच्या वर चार,
खिडकीची पन्हळ एकसारखी गळत होती.
मी माझं पेन दिलं.
त्यांनी लिहिण्याआधी ते
दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली,
सवयीने,
आणि मग सही केली.

विषय आठ: वाहनतळाचे शुल्क.